अण्णांचा पीसी, आंघोळ आणि एफ-२

आमच्या अण्णांचा सकाळचा कार्यक्रम ठरलेला. सहाला उठायचं, चहा घ्यायचा, हॉलमधला कॉम्प्युटर लावायचा आणि आंघोळीला जायचं. आंघोळ करून आलं तरी तो चालू झालेला नसतोच, म्हणून मग पूजेला बसायचं, पूजेत तीन स्तोत्रं म्हणून होईपर्यंत साहेब कसेबसे तयार. हे असं दोन वर्षं चाललेलं आणि घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आई तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची की यांचा कॉम्प्युटर लागेपर्यंत माझा कुकर होतो.

मला मात्र फोनवर तक्रार यायची. "अरे, तुझा तो कॉम्प्युटर फार स्लो झालाय." (२०१३ साली मी घेऊन दिला म्हणून बिघडला की तो माझा, चालू असला की त्यांचा.) किती स्लो असं विचारलं की म्हणायचे, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मी मनात म्हणायचो की तीन-चार मिनिटं लागत असतील, म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला लागली की पंचवीस वाटतात. इथेच माझं चुकलं आणि पुढचे चार महिने चुकतच गेलं.

पीसी म्हणजे अगदी त्या काळातला साधा असेंबल्ड डबा. आय३ ३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर. आधी विंडोज ७ होती, मग मीच कधीतरी विंडोज १० टाकली. अण्णा रिटायर्ड हेडमास्तर, आता ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार, त्यामुळे वर्गणीचा हिशोब एक्सेलमध्ये, पावत्या प्रिंट करायच्या, सहलीच्या याद्या करायच्या, एवढंच काम. पण ते काम रोज सकाळी सातला सुरू झालंच पाहिजे.

मी पुण्यात, ते साताऱ्यात. म्हणून मी काय करायचो, फोन आला की एनीडेस्कवरून (दूरच्या पीसीचा स्क्रीन आपल्याकडे उघडणारं ॲप) त्यांच्या पीसीत शिरायचो आणि साफसफाई सुरू. पहिल्यांदा अर्थातच टास्क मॅनेजर, स्टार्टअपचा टॅब, म्हणजे पीसीबरोबर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी. तिथे बघतो तर नुसती जत्रा. प्रिंटरवाल्याचा अपडेटर, एक व्हिडिओ कॉलचं ॲप जे कंपनीने स्वतःच केव्हाच बंद केलंय तरी इथे रोज हजेरी लावतंय, दोन ब्राउझर, संपलेल्या ट्रायलचा अँटिव्हायरस, आणि माझ्या आतेभावाने प्रेमाने टाकून दिलेला एक पीसी बूस्टर. या बूस्टरचा स्टार्टअप इम्पॅक्ट स्वतःच 'हाय'. म्हणजे पीसी फास्ट करायला जे ठेवलंय तेच सकाळी सगळ्यात आधी ताटावर बसतंय.

जाता जाता सांगतो, ते हाय-मीडियम-लो बघून फार घाबरायचं नसतं. हाय म्हणजे त्या प्रोग्रॅमने चालू होताना एक सेकंदापेक्षा जास्त सीपीयू घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं, बास. आजकालच्या प्रोग्रॅमना ३ एमबी म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अर्धी यादी हायच असते. तरी मी सगळं डिसेबल केलं, अँटिव्हायरस आणि बूस्टर काढूनच टाकले, रिस्टार्ट मारून बघितलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फोन. "काही फरक नाही रे."

मग सल्ले देणारे आलेच. आतेभाऊ म्हणाला रॅम वाढव. मेहुण्याने व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड पाठवला की प्रीफेचचं फोल्डर रिकामं करा आणि एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं चालू व्हावं ते ठरवायची खिडकी) जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा, पीसी विमानासारखा पळेल. हे दोन्ही उद्योग कृपा करून करू नका. प्रीफेचमध्ये विंडोज लिहून ठेवतं की कुठला प्रोग्रॅम चालू होताना कुठल्या फायली लागतात, ते पुसलं की पुढचे काही दिवस उलट जास्त वेळ लागतो कारण बिचाऱ्याला परत पहिल्यापासून शिकावं लागतं. आणि ती प्रोसेसरची खूण आहे ती टेस्टिंगसाठी मर्यादा घालायची आहे, खूण नसेल तर विंडोज आपोआप सगळे कोअर वापरतंच. तिथे काही वाढत नाही.

रॅमचं म्हणाल तर ४ जीबी आजच्या हिशोबाने कमीच, क्रोमचे दहा टॅब उघडले की रडतो. पण चालू झाल्या झाल्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे स्टार्टअपला रॅम अडवत नव्हती.

अण्णांनीही दोनदा गावातल्या दुकानात नेला होता मला न सांगता. पहिल्यांदा त्यांनी फॉरमॅट मारून दिला, दुसऱ्यांदा दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं की काका, आमच्याकडे तर मस्त चालतोय, काही प्रॉब्लेमच नाही. अण्णा चिडले. त्यांना वाटलं पोरं टाळतायत. खरं तर पोरं खोटं बोलत नव्हती, ते नंतर कळलं.

शेवटी मी जरा शास्त्रीय व्हायचं ठरवलं. विंडोज प्रत्येक वेळी चालू व्हायला किती वेळ लागला याची नोंद ठेवतं, फक्त ती फार आत दडवलेली आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे इव्हेंट आयडी १०० म्हणजे एकूण बूटचा, म्हणजे चालू होण्याचा हिशोब, मिलिसेकंदात. १०१ म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने उशीर केला, १०२ म्हणजे ड्रायव्हरने, १०३ म्हणजे सर्व्हिसने. १०० च्या आत डिटेल्समध्ये गेलं की दोन आकडे वेगळे मिळतात, एक डेस्कटॉप दिसेपर्यंतचा आणि दुसरा डेस्कटॉप दिसल्यावर सगळी धावपळ शांत होईपर्यंतचा. हा दुसरा महत्त्वाचा, कारण आपल्याला खरा छळ तिथेच होतो, आयकॉन दिसतायत पण क्लिक केलं की गोल गोल फिरतंय.

मी तारखेच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात नवीन नोंदी वर आणल्या आणि बघितलं. ७१ हजार आणि १ लाख १६ हजार. म्हणजे एकूण १८७ सेकंद, तीन मिनिटं सात सेकंद. पुढची, मागची, सगळ्या त्याच आसपास. मी विजयी मुद्रेने फोन लावला.

"अण्णा, विंडोज म्हणतंय तीन मिनिटं लागतात. पंचवीस नाही."

"मग त्या विंडोजला म्हणावं उद्या सकाळी आमच्या घरी ये."

यावर मी काय बोलणार. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाशी आकड्यावरून वाद घालू नये.

दिवाळीला घरी गेलो. खंबाटकीत नेहमीप्रमाणे दीड तास गेला, रात्री उशिरा पोचलो, आणि सकाळी सहाला अण्णांच्या पावलांच्या आवाजाने जाग आली. म्हटलं आज बघूच. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं. मग खाली वाकून यूपीएसचं बटण, टीं वाजेपर्यंत दाबून धरलं. मग डब्याचं बटण. आणि खांद्यावर टॉवेल टाकून सरळ बाथरूमकडे.

मी स्क्रीनकडे बघतोय. काळा स्क्रीन, बोर्डाच्या कंपनीचा लोगो, आणि मग पांढऱ्या अक्षरात एक ओळ, की तारीख आणि वेळ सेट केलेली नाही, सेटअपसाठी एफ-१ दाबा, डिफॉल्ट घेऊन पुढे जायला एफ-२ दाबा.

आणि तो तिथेच थांबला. मी दाबलं नाही. मुद्दाम. स्टॉपवॉच चालू ठेवून सोफ्यावर बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज, पंधरा मिनिटं, आईने चहा आणून दिला. अठराव्या मिनिटाला अण्णा धोतर नेसून बाहेर आले, माझ्याकडे न बघता टेबलापाशी गेले, एफ-२ दाबलं आणि देवघराकडे वळले.

"अण्णा, हे काय दाबलंत?"

"एफ-टू."

"रोज दाबता?"

"दाबावंच लागतं. नाहीतर पुढे जात नाही तो."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला त्यांची डायरी दाखवली. अण्णांच्या सगळ्या गोष्टींची डायरी असते. पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून, कॉम्प्युटर सुरू करण्याची कृती: १ भिंतीचे बटण, २ यूपीएस, ३ डब्याचे बटण, ४ आंघोळ, ५ एफ-२, ६ पूजा, ७ तारीख व वेळ बरोबर करणे, ८ काम.

आंघोळ ही बूट प्रोसेसमधली चौथी पायरी होती! कॉम्प्युटर अण्णांची वाट बघत होता आणि अण्णा कॉम्प्युटरची. मी विचारलं हे मला कधी सांगितलं का नाही, तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं? त्याची पद्धत आहे ती. आपली जुनी स्कूटर नव्हती का, आधी तिरकी करायची आणि मग किक." आणि सातवी पायरी? "ते घड्याळ त्याचं रोज मागं जातं. म्हातारा झालाय."

तर आता खरी भानगड. बोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. (नंबरातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड.) तीन व्होल्टचा. पीसी बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सेटिंगसुद्धा त्याच्याच जिवावर टिकतात. पण गंमत अशी की प्लग चालू असेल तर हा सेल जवळजवळ वापरलाच जात नाही. पीसी शटडाउन केला तरी पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज जात असते, घड्याळ त्यावर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की मग मात्र सगळा भार सेलवर.

आणि आमचे अण्णा रात्री झोपताना घरातला एकूण एक बोर्ड बंद करणारे. टीव्ही, मिक्सर, गिझर, यूपीएस, कॉम्प्युटर. लाईटबिलापायी आणि विजा कडाडतात त्या भीतीपायी. म्हणजे २०१३ पासून रोज रात्री नऊ-दहा तास तो सेल एकटा किल्ला लढवत होता, आणि दोन वर्षांपूर्वी कधीतरी त्याने मान टाकली. तेव्हापासून रोज रात्री पीसीची स्मृती जायची आणि रोज सकाळी तो १ जानेवारी २०१२ ला जागा व्हायचा.

हे कळल्यावर बाकीची सगळी कोडी एकेक करून सुटली. दुकानातली पोरं पीसी दिवसभर प्लगला ठेवायची, एकदा चालू केला की मग कितीही रिस्टार्ट करा, वीज तुटत नाही, घड्याळ जात नाही, एफ-२ विचारत नाही. खरंच मस्त चालत होता त्यांच्याकडे. माझंही तेच. मी एनीडेस्कने शिरायचो ते विंडोज चालू झाल्यावर, अण्णांनी एफ-२ दाबून, पूजा करून, घड्याळ लावून झाल्यावर. रिमोटवरून त्याच्या आधीचं काही दिसायचा प्रश्नच नाही. मी घरात येऊन पाहुणचार झोडत होतो आणि भांडण दारात चाललं होतं.

इव्हेंट व्ह्यूअरचं तर मला स्वतःला चार थोबाडीत माराव्याशा वाटल्या. मी तारखेने सॉर्ट केलं होतं ना? मग मला वर दिसत होते ते सगळे माझेच दुपारचे रिस्टार्ट. परत बघितलं आणि यादी पार खाली नेली, तर तिथे सकाळच्या बूटच्या नोंदी थप्पीने पडलेल्या, सगळ्यांवर एकच तारीख, १ जानेवारी २०१२, रात्री बारा वाजून काही मिनिटं. कितीतरी सकाळी एकाच रात्रीत. संघाच्या हिशोबाच्या दोन एक्सेल फायलींवरही मॉडिफाइडची तारीख २०१२ ची निघाली, अण्णा एखाद्या दिवशी सातवी पायरी विसरले असणार. त्या मी आधी बघितल्या होत्या आणि संघाची जुनी फाईल असेल म्हणून सोडून दिल्या होत्या, अण्णा खजिनदार झालेच मुळी २०२१ ला.

तुम्ही म्हणाल की इंटरनेट आहे तर विंडोज घड्याळ आपोआप बरोबर का नाही करत? करतं, पण फरक थोडा असेल तर. घरच्या साध्या पीसीवर पंधरा तासांपेक्षा जास्त फरक दिसला की ती सर्व्हिस गप्प बसते, हा माणूस माझ्याशी खोटं बोलत असेल असं धरून. तेरा वर्षांचा फरक तर ती कशाला मान्य करेल. आणि घड्याळ चुकलं की क्रोम कुठलीच नीट साईट उघडत नाही, सर्टिफिकेटच्या तारखा जुळत नाहीत म्हणून, आणि सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे. अण्णांनी तो मेसेज वाचून, समजून, त्याप्रमाणे वागून, डायरीत पायरी लिहिली होती. त्यांच्या बाजूने चूक शून्य.

अजून एक बारीक मजा. डिफॉल्ट सेटिंग परत आली की बूट ऑर्डरही (विंडोज कुठे कुठे शोधायचं तो क्रम) डिफॉल्टची, म्हणजे आधी डीव्हीडी ड्राइव्ह. आणि ड्राइव्हमध्ये ताईच्या लग्नाची डीव्हीडी. केव्हापासून, देव जाणे. रोज सकाळी एफ-२ दाबलं की तो आधी घर्रर्र करून लग्नाच्या डीव्हीडीवरून कॉम्प्युटर चालू करता येतो का ते बघायचा, तीसेक सेकंद, नाही जमलं की मग हार्ड डिस्क. डीव्हीडी काढून आईला दिली, ती शोधत होती म्हणे. तुमच्याही पीसीला पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, एक्स्टर्नल डिस्क कायमची लावून ठेवलेली असेल तर एकदा सगळं काढून चालू करून बघा, फुकटात होतो हा प्रयोग.

राजवाड्यापाशी घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला, चाळीस रुपये. बदलायला पाच मिनिटं. मेन केबल काढायची, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवायची, डब्याच्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते, क्लिप बाजूला ढकलली की सेल टुणकन वर येतो. नवीन बसवताना प्लसची बाजू वर. जुना सेल मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट दाखवत होता.

एक मात्र सांगतो, सेल काढायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. विशेषतः साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो, तो आयडीई (जुनी पद्धत) आहे की एएचसीआय (नवी) ते. विंडोज एका मोडमध्ये टाकलेली असेल आणि डिफॉल्टला दुसरा मोड आला तर निळा स्क्रीन येतो आणि लोक समजतात डिस्क गेली. मोड पूर्वीचा केला की परत चालू. अण्णांच्या पीसीला विंडोजच डिफॉल्ट सेटिंगवर टाकलेली, म्हणून आम्ही वाचलो.

तारीख लावली, हार्ड डिस्क पहिली केली, सेव्ह केलं. रात्री अण्णांनी शिरस्त्याप्रमाणे बोर्ड बंद केला. मी मुद्दाम काही बोललो नाही.

सकाळी बटण दाबून ते आंघोळीला गेले. वीस सेकंदात विंडोजचा लोगो, तीन-सव्वातीन मिनिटांत डेस्कटॉप शांत. अण्णा बाहेर आले तोपर्यंत बराच वेळ कोणी हात न लावल्याने मॉनिटर झोपून गेला होता. ते काळ्या स्क्रीनसमोर उभे राहिले, एफ-२ दाबलं आणि स्क्रीन एकदम उजळून सगळं समोर. मागे सरकले जरा. "हे कसं काय?" मग माझ्याकडे वळून, "मी म्हटलं नव्हतं, एफ-टू दाबावंच लागतं!"

खरं तर इथेच थांबायला हवं होतं पण ती तीन मिनिटं मला टोचत होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत सांगणारं फुकट टूल आहे, ते चालवलं तर डिस्कसमोर पिवळा 'कॉशन'. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत आणि ती अजून ठरवतेय की काय करावं. (त्या टूलमध्ये आकडे हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, एकदम लाखात वगैरे बघून छातीत धस्स होऊ देऊ नका, सेटिंगमधून दशमान करता येतात.) पिवळं दिसलं की बाकी सगळं सोडायचं आणि आधी बॅकअप, हे बोलायची गरज नाही. संघाचे हिशोब, फोटो, अण्णांनी लिहिलेली तीन व्याख्यानं, सगळं एक्स्टर्नलवर घेतलं.

आणि डिस्क धडधाकट असती तरी ती बदललीच असती. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद, शिवाय ते डोकं योग्य पट्टीवर न्यायला आठ-नऊ. एका खेपेला बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी खेपा. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली विखुरलेल्या ठिकाणांहून हव्या असतात, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि स्पीड मात्र एक-दोन एमबी असं विचित्र दृश्य दिसतं. अण्णांना मी सांगितलं की तुमच्या शाळेत एकच शिपाईमामा होते आणि दप्तरखाना तिसऱ्या मजल्यावर, प्रत्येक रजिस्टरसाठी त्यांना वर पाठवायचं आणि ते खाली आल्यावर पुढचं नाव सांगायचं, तसं आहे हे. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिला हलणारं काही नाही, एक खेप साधारण ०.१ मिलिसेकंदात.

एच६१ बोर्डाला साटा ३ (डिस्क जोडायची वेगवान वाट) नाही, जुनी साटा २ च आहे, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर लिहिलेला सेकंदाला ५०० एमबीचा स्पीड मिळणार नाही, निम्म्याच्या आसपास मिळेल. मेहुणा म्हणाला मग कशाला पैसे घालवतोस. पण फायदा त्या ५०० चा नसतोच मुळी, खेपांचा असतो. २४० जीबीची साधी एसएसडी दोन हजाराच्या आत आली. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करायच्या भानगडीत पडलो नाही, एकतर ५०० वरून २४० वर आणायचं आणि वर खराब सेक्टर, क्लोन मध्येच अडकतं. बायोसमध्ये एएचसीआय केलं, यूईएफआय पद्धतीने (बायोसचा नवा अवतार) विंडोज नव्याने टाकलं. ज्यांना नव्याने टाकायचं नाही पण आयडीईवरून एएचसीआयवर यायचंय त्यांनी आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावावं, मग रिस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलावा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा वर आलं की सेफ बूट काढावं. विंडोज १० वर मी हे दोन पीसींवर केलंय, चालतं.

यूईएफआयचा एक फायदा म्हणजे टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' दिसायला लागतो, विंडोजच्या हातात कारभार येईपर्यंत किती सेकंद गेले ते. आधीच्या लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या इन्स्टॉलला तो आकडा दिसतच नव्हता, नाहीतर पुण्यात बसून काहीतरी शंका आली असती. आता तिथे १२ सेकंद येतात.

फास्ट स्टार्टअपबद्दल पण थोडं, कारण यानेही मला फसवलं होतं. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं, आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतात. रिस्टार्ट मात्र पूर्ण होतो. म्हणजे मी चार महिने रिस्टार्ट करून जे मोजत होतो आणि अण्णा सकाळी जे करत होते त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, सेलचं सोडून देऊ तरीसुद्धा. हार्ड डिस्कवर या सोयीने बराच वेळ वाचतो. एसएसडी टाकल्यावर मी ती बंद करून टाकली, दोन-चार सेकंद जास्त गेले तरी चालतील पण बंद म्हणजे बंद असावं, प्रिंटर रुसला की "बंद करून चालू करा" या सल्ल्याला काहीतरी अर्थ राहतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा पीसी ११ च्या यादीत बसत नाही, तेव्हा जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नाव घातलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. बँकेचं काम तोवर मोबाईलवर. पुढे लिनक्स टाकायचा विचार आहे पण ते अण्णांना विचारायला अजून धीर झालेला नाही.

शेवटचं मोजमाप, बटण दाबल्यापासून एक्सेलची फाईल उघडेपर्यंत ४१ सेकंद. अण्णांनी डायरीचं नवीन पान केलं. एफ-२ आणि तारीख-वेळेची ओळ गेली. आंघोळ आणि पूजा आता बटणांच्या आधी आलीय, एक आणि दोन नंबरवर.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "तू ते काय बसवलंस ना, ते जरा काढता येतं का रे? आधी तीन स्तोत्रं व्हायची त्यांची. आता फूल वाहतात, हात जोडतात आणि पळतात त्या टेबलाकडे. माझा कुकरही होत नाही तेवढ्यात."